गाडी मला, पाने दादाला

आम्हा दोघा भावांची वाटणी झाली तेव्हा पंचांनी लय डोकं लावलं. पिकअप मला दिली आणि तिच्या पान्यांची पेटी, जॅकसकट, दादाला. म्हणे, एकाला गाडी गेली तर दुसऱ्याला काहीतरी नको का! आणि आम्हीही रागाच्या भरात माना हलवल्या. त्या दिवसापासून तीन वर्षं आम्ही एकमेकांशी अवाक्षर बोललो नाही. शेताचा बांध एकच, तरी तोंडं दोन दिशांना.

मग यंदा गाडीनं मागून सूर धरला. ताडकळसच्या बाजाराला बकऱ्या घेऊन निघालो की चाळीसच्या पुढं हूंऽऽ सुरू. अ‍ॅक्सिलेटर दाबला की वाढायचा, पाय काढला की बदलायचा. मी टायर बदलले, चाकांचे बेरिंग बदलले. आवाज आपला तसाच. केबिनमध्ये बसून तो कुठून येतो ते कळतच नाही. एकानं गाडी चालवावी लागते आणि दुसऱ्यानं मागं हौद्यात आडवं पडून पत्र्याला कान लावावा लागतो. आमच्यात ते कान दादाचे. तरुणपणी तो परभणीला गॅरेजात कामाला होता. त्यानं पत्र्यावर एक बुक्की मारली की मी वेग तसाच ठेवायचा, दोन मारल्या की पाय काढायचा.

"दादांना बोलवा की," बायको म्हणाली. "का बकऱ्यांला ऐकायला लावताव?"

"मी न्हाई जात."

"नका जाऊ. ढकलत आणा मग एक दिवस."

गेलो शेवटी. दादाच्या आखाड्यावर, त्याच्या शेतातल्या शेडपुढं गाडी उभी केली. तो कडबा रचत होता. काय बोलायचं ते वाटेत घोकत आलो होतो, ऐनवेळी सगळं विसरलो.

"गाडी ओरडायलीय," एवढंच म्हणालो.

त्यानं माझ्याकडं पाहिलंच नाही. गाडीकडं पाहिलं, हात झटकले आणि हौद्यात चढून आडवा झाला. पोखर्णीच्या रस्त्याला लागलो तशा मागून बुक्क्या पडू लागल्या. एक, दोन, परत एक. खरं सांगतो, मला रस्ता दिसेना. दादा माझ्याशी बोलायला लागला होता.

परत आल्यावर त्यानं मागच्या अ‍ॅक्सलच्या मधल्या गोळ्याखाली, डिफ्रेन्सखाली, घमेलं ठेवून बूच काढलं. तेल निम्मंच निघालं, आणि त्यात लोखंडाचा चकचकाट. सील झिरपून तेल गेलं होतं आणि पिनियनचं, आतल्या छोट्या दातेरी चाकाचं, बेरिंग झिजून खडबडीत झालं होतं. मी परभणीहून नवं बेरिंग, सील आणलं. त्यानं पेटी उघडली, तर सगळे पाने तेल लावून फडक्यात गुंडाळलेले. दारात गाडी नसताना!

दोन दिवस काम चाललं. "धर", "सोड", "तो पाना दे", याच्या पुढं तो बोलला नाही. नट थोडा आवळायचा, पिनियन हातानं फिरवून किती जड लागतं ते बघायचा, पुन्हा थोडा आवळायचा. इतर वेळी मी वैतागलो असतो. आता वाटायचं, होऊ दे उशीर.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी वरच्या भोकातून ओघळेस्तोवर तेल भरलं आणि पुन्हा त्याच रस्त्याला निघालो. दादा मागं आडवा. चाळीस झाले, पन्नास झाले. एकही बुक्की नाही. गाडी कडेला घेतली, बंद केली, मागं गेलो. तो अजून पत्र्याला कान लावून पडलेला.

"येतो का दादा, आवाज?" मी विचारलं. त्यानं हो म्हणावं, एवढंच मला पाहिजे होतं. देवा, थोडा तरी राहू दे.

तो उठून बसला. बराच वेळ बोटांचं ग्रीस पुसत राहिला.

"न्हाई," म्हणाला. "गेला सगळा."

मग उतरला आणि शेताकडच्या पायवाटेनं निघाला. त्याला हाक मारायला मी काहीतरी कारण शोधत उभा राहिलो. गाडीत आता काहीच बिघाड उरला नव्हता.