शिसवी मुठीचं रिव्हॉल्वर

काल खंडेनवमीच्या पूजेआधी आईच्या शिलाई मशीनला तेल घातलं आणि त्या वासासरशी कल्याणचं बंदुकांचं दुकान आठवलं. तेव्हा शहाडच्या जमिनीवरून बाबांचं काकांशी पेटलं होतं. त्यांनी लायसन्स काढलं आणि रिव्हॉल्वर घ्यायला जाताना मला नि आईलाही सोबत नेलं.

दुकानदाराने फडक्यावर दोन ठेवली. एकाचा नुसता चाप ओढायचा. दुसरं जुन्या घडणीचं. त्यात प्रत्येक गोळीला आधी अंगठ्याने घोडा मागे ओढायचा.

बाबांची नजर पहिल्यावर होती. आई दुसऱ्याच्या शिसवी मुठीवरून बोट फिरवत म्हणाली, “अहो, हेच घ्या. किती शोभून दिसतंय!”

“शोभेला घेतोय का?” बाबा पुटपुटले. पण दुकानदारासमोर उजवा हात खिशातच ठेवून त्यांनी होकारार्थी मान हलवली. मला वाटलं, आई साडीसारखंच बघतेय.

ते रिव्हॉल्वर पुढे दर खंडेनवमीला झेंडू वाहण्यापुरतंच कपाटातून निघायचं.

काल मशीनचं चाक फिरवताना कळलं. त्या खरेदीच्या आदल्या वर्षी डोंबिवलीच्या कंपनीत प्रेसखाली सापडल्यापासून बाबांचा उजवा अंगठा वाकतच नव्हता. त्यांच्या शर्टाची बटणं रोज सकाळी आईच लावायची.