कडक इस्त्रीचा शर्ट

सरकारी कचेरीच्या फाटकाशी टेबल टाकून बाबांनी वीस वर्षं लोकांच्या मुलांचे शिष्यवृत्तीचे अर्ज भरले. अंगात कायम कडक इस्त्रीचा शर्ट. घरी विषय निघाला की खेकसायचे, "ती मदत गरिबांसाठी असते. आपण हात पसरायचे नाहीत!" कॉलेजची फी जमली नाही म्हणून ताईचं शिक्षण बारावीलाच सुटलं आणि ती शिलाई मशीनवर बसली.

माझी बारावी झाली तेव्हा मी हट्टाने अर्ज घरी आणला. "वार्षिक उत्पन्न सांगा," म्हटलं. दुसऱ्यांचं उत्पन्न रोज लिहिणाऱ्या बाबांनी स्वतःचं कधी मोजलंच नव्हतं. बारा महिन्यांची बेरीज झाली आणि त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. अर्जावर छापलेल्या मर्यादेच्या निम्मंही आमचं उत्पन्न नव्हतं.

चष्मा पुसून त्यांनी पुन्हा वाचलं. "म्हणजे, गरीब आपणच?"

माझं डोकं फिरलं. "मग काय राजवाड्यात राहतो आपण?"

कोपऱ्यातली मशीन थांबली. मान वर न करता ताईने विचारलं, "बाबा, माझ्या वेळी मर्यादा किती होती?"

बाबांना ती तोंडपाठ होती.

"हीच," ते म्हणाले.