जाड राखाडी थर

मुलुंडच्या डोंगरावरील एका दगडखाणीत मी निवृत्त होईपर्यंत व्यवस्थापक होतो. खाण आता बंद आहे. तिच्या जागी उंच इमारती आहेत आणि त्यांच्या जाहिरातीत पायथ्याच्या तळ्याचे छायाचित्र असते. त्या तळ्याविषयी माझे मत ठाम होते. आमच्या क्रशरची धूळ त्यात गेली नाही. खडी फोडताना आम्ही पाणी मारत होतो, आणि भिजलेली धूळ उडत नाही. हे मी घरी अनेकदा सांगितले होते. घरच्यांनी ते ऐकून घेतले होते. मानले होते असे नाही.

गेल्या वर्षी नातीने एम.एस्सी.च्या प्रबंधासाठी नेमके तेच तळे निवडले. होडीतून एक पारदर्शक नळी तळाच्या गाळात रोवायची, गाळासकट वर काढायची आणि थर पाहायचे. दरवर्षीचा गाळ मागच्या वर्षीच्या गाळावर बसतो. खाली जुना, वर नवा. दगडाची धूळ केव्हा आली आणि किती आली, हे त्यावरून कळते. मी तिला शुभेच्छा दिल्या आणि दुसरे एखादे तळे सुचवले.

कॉलेजचा मोठा फ्रिज बिघडल्यामुळे नळी आमच्या घरी आली. गाळ थंड हवा आणि उभा हवा. आमच्या फ्रिजचे कप्पे काढून ती आत उभी करण्यात आली. ताक, कोथिंबीर आणि वाटणाचे डबे शेजारी गेले. पुढील चार दिवस आमचा स्वयंपाक शेजाऱ्यांच्या सवडीने झाला. सौभाग्यवतींनी फोनवर बहिणीला सांगितले, की यांनी जन्मभर घरात धूळ आणली, आता चिखलही आला.

फ्रिजचे दार उघडले की नळी समोर. मला दिवसातून फार वेळा तहान लागू लागली. तळाशी तांबूस गाळ होता. वर राखाडी रेषा सुरू होत होत्या. रेषा होत्या, हे मान्य करतो. बारीक होत्या. मध्यावरचा एक थर मात्र बोटभर जाड होता.

रविवारी जेवणाच्या टेबलावर नातीने नळीतला गाळ खालून ढकलत बाहेर काढला आणि तारेने त्याच्या चकत्या केल्या. अळुवडीचा उंडा आधी वाफवतात आणि मग कापतात, एवढे सौभाग्यवतींनी तिला सांगून पाहिले. चकत्या पिशव्यांत भरून प्रयोगशाळेत गेल्या. काही आठवड्यांनी निष्कर्ष आला. राखाडी होते ते सर्व क्रशरच्या धुळीचे होते.

"मला नळी कशाला हवी होती?" सौभाग्यवती म्हणाल्या. "तुमचे सदरे मीच धूत होते."

तो विषय माझ्यापुरता संपला होता. राहिला जाड थर. त्याचे कारण नातीने प्रबंधात लिहिले होते: खाणीतील चुऱ्याचा ढीग त्या वर्षी घसरला असावा. मार्गदर्शकांना ते पटले होते. तोंडी परीक्षा सोमवारी होती. शुक्रवारी मी ते पान वाचले. भाषा स्वच्छ होती. मजकूर चुकीचा होता. आमचा ढीग कधीही घसरला नाही. त्याला मी स्वतः उभे राहून दगडी बांध घालून घेतला होता.

खरे कारण मला ठाऊक होते. त्या उन्हाळ्यात आमच्या इमारतीला पाणी नव्हते आणि सोसायटीचा सेक्रेटरी मी होतो. क्रशरवर मारायच्या पाण्याचा टँकर मी होळीपासून पावसापर्यंत रोज सकाळी इमारतीकडे वळवला. क्रशर कोरडा चालला. खाणीच्या नोंदवहीत मी रोज 'टँकर आला' असे लिहीत असे. तो आलेलाच असे; कुठे, याला रकाना नव्हता. वार्षिक सभेत सोसायटीने मला शाल आणि श्रीफळ दिले. मी सार्वजनिक जबाबदारीवर बोललो.

आता गप्प राहिलो असतो, तर पोरीच्या प्रबंधात खोटे छापले गेले असते, तेही माझ्या बांधाला दोष देऊन. शनिवारी दुपारी मी तिच्या टेबलाशी गेलो.

"तो ढीग नव्हे," मी म्हणालो. "तो मी आहे."

तिला समजले नाही. मी सर्व क्रमाने सांगितले. तिने शेवटपर्यंत ऐकले.

"म्हणजे आजोबा, सगळी बिल्डिंग त्या पाण्याने अंघोळ करत होती?"

"माणशी दोन बादल्या. नियम होता."

ती बराच वेळ हसली. मी थांबलो. मग तिला सोमवार आठवला. वाट लागली, अख्खं पान परत लिहावं लागणार, असे म्हणत तिने वही ओढली आणि माझी रीतसर उलटतपासणी घेतली: किती महिने, दिवसाला किती तास, वारा कुठला. शेवटी म्हणाली, "सोमवारी तुम्ही येताय. मागे बसायचं. मध्ये बोलायचं नाही."

मी गेलो, मागे बसलो, बोललो नाही. जाड थराचे चित्र पडद्यावर आले तेव्हा परीक्षकांनी विचारले, त्या वर्षी क्रशर कोरडा चालला हे कशावरून? नातीने मागच्या रांगेकडे हात केला. मी उभा राहिलो.

"व्यवस्थापक मी होतो. पाणी मी बंद केले."

"कारण?"

"आमच्या इमारतीला पाणी नव्हते."

परीक्षकांनी चष्मा काढून माझ्याकडे पाहिले, बसा म्हणाले आणि वहीत काहीतरी लिहून घेतले. मग त्यांनी नातीला पुढचा प्रश्न विचारला. तो अवघड होता. तिने बरे उत्तर दिले.