टीव्हीवर दिसलेलं घर

खंडेनवमीला आमच्या घरी हत्यारांची पूजा असते. सासरे गेल्यापासून ती आत्याबाई करतात. आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई. यंदा त्यांनी पाटावर कोयता, खुरपी, विळा आणि सासऱ्यांची मेंढ्यांची लोकर कातरायची कातर ओळीने मांडली आणि माझ्याकडे वळून विचारलं, "तुपलं हत्यार कुठंय?"

माझं हत्यार म्हणजे लॅपटॉप. नवऱ्याच्या कॉलेजच्या दिवसांतला, बिजागरी ढिली झालेला, उघडताना कुरकुरणारा. त्याची पूजा नको म्हणायला हवं होतं, हे मलाही कळत होतं. पण मी तासिका तत्त्वावर शिकवणारी बाई. माझ्या कामाला काम म्हणणारं माणूस वर्षातून एकदा भेटतं. जीभ रेटली नाही. आत्याबाईंनी झाकणावर हळद-कुंकू लावलं, अक्षता टाकल्या आणि झेंडूचं फूल पाण्यात बुडवून कोयत्यावर शिंपडलं तसं त्याच्यावरही शिंपडलं.

दसऱ्याला सकाळी मी बटण दाबलं. पंखा घरघरला, बटणांखालचे दिवे लागले, पण पडदा काळाठिक्कर. पुन्हा दाबलं. पुन्हा तेच.

आत माझ्या पीएच.डी.चं शेवटचं प्रकरण होतं आणि त्याची दुसरी प्रत कुठेच नव्हती. विद्यार्थ्यांना मी येता-जाता सांगते, प्रत ठेवा रे. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण.

पण खरी भीती वेगळीच होती. काही दिवसांपासून आम्ही दोघं गुपचूप जालन्यात भाड्याचं घर शोधत होतो. नवरा तिथे दवाखान्याच्या लॅबमध्ये आहे. रोज एसटीने जाऊन-येऊन त्याची कंबर कामातून गेली आहे. आत्याबाईंना आम्ही यातलं काही सांगितलं नव्हतं. त्या आमच्याबरोबर येतील की इथेच राहतील, हा विषय निघाला की आमच्यापैकी एकाला तरी लगेच झोप यायची. आणि माझ्या लॅपटॉपला एक खोड आहे. तो सुरू झाला की आदल्या वेळी उघडी राहिलेली पानं आपोआप उघडतो. पूजेआधी मी त्यावर त्या घराचेच फोटो बघत बसले होते.

म्हणजे पडदा लागला नाही तर प्रकरण गेलं, आणि लागला तर घर दिसलं. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी गत झाली.

आत्याबाई एव्हाना माझ्या शेजारी येऊन बसल्या होत्या. "काय झालं?"

"काही नाही, सुरू होईना."

त्यांनी झाकणावरचं कुंकू बघितलं आणि त्यांचा चेहरा पडला. "म्या पाणी शिंपडल्तं म्हणून झालं का माय?"

मी नाही म्हटलं, पण मलाही तेच वाटत होतं आणि ते माझ्या आवाजात उतरलं असणार. त्या उठल्या, सुई आणली आणि बटणांच्या फटीत अडकलेले तांदूळ एकेक करून टोकरायला लागल्या. म्हटलं, राहू द्या, चहा तरी टाका. त्यांनी चहा टाकला, कप माझ्यासमोर ठेवला आणि पुन्हा सुई घेतली. सणाच्या दिवशी त्या एरवी अर्धी गल्ली फिरून येतात. त्या दिवशी मात्र जागच्या हलायला तयार नव्हत्या.

आमच्या जाफराबादेतली दुकानं बंद. नवरा ड्यूटीवर. त्याने जालन्यात मस्तगडला दुकान असलेल्या एका ओळखीच्या दुरुस्तीवाल्याचा नंबर दिला. तोही बिचारा गाडीला हार घालत होता.

"मॅडम, पंखा फिरतोय ना? दिवे लागतेत ना? मंग मशीन बिलकुल जिवंत हाय. पासवर्ड अंदाजानं टाका, आन मोबाइलची टॉर्च पडद्यावर तिरपी मारा. बराबर निरखून बघा, आत काही दिसतं का."

मी अंदाजाने पासवर्ड टाकला. टॉर्च तिरपी धरली. आधी नुसती धूळ आणि बोटांचे ठसे दिसले. मग खोल पाण्यात तळ दिसावा तशी एक खिडकी दिसली. खिडकीखाली ओटा. त्या घराचं स्वयंपाकघर. मी पटकन टॉर्च बंद केली.

"काय दिसलं?" आत्याबाईंनी विचारलं.

"काहीच नाही."

फोनवर मात्र दिसतंय असं सांगावं लागलं, तेही तोंडावर हात धरून. तो खूश झाला. "मंग फक्त पडद्याची लाइट गेली. जुन्या मशीनला होतं असं, बिजागरीपाशी वायर तुटती. पाण्याबिण्याचं काही न्हाई. टीव्हीला जोडा आन पेन ड्राइव्हमधी सगळं काढून घ्या. जल्दी करा, ही वायर कवाबी पुरती जाईन."

पाण्याचं काही नाही, हे मी आत्याबाईंना लगेच सांगितलं. वाटलं, आता तरी उठतील. उलट त्या मोकळ्या झाल्या आणि पाय पसरून नीट बसल्या.

टीव्ही बाहेरच्या खोलीत, त्यांच्या बाजेसमोर. सेट टॉप बॉक्सची वायर काढून लॅपटॉपला लावायची होती. ती त्यांनीच काढून दिली. त्यांची मालिका चालू होती तरी. मी त्याआधी आंधळेपणाने दोन-तीन बटणं दाबून ते पान बंद करायचा प्रयत्न केला. बंद झालं असं मनाशी धरून चालले. चोराच्या मनात चांदणं.

टीव्ही क्षणभर निळा झाला आणि ते स्वयंपाकघर भिंतभर उघडलं. पांढऱ्या फरश्या, ओटा, मोठी खिडकी.

"ह्ये कोणाचं घर?" आत्याबाई म्हणाल्या.

मालिकेतलं आहे, जाहिरात आहे, मैत्रिणीचं आहे, सगळं जिभेवर आलं. पण त्या सकाळभर माझ्या लॅपटॉपमधले तांदूळ टोकरत होत्या. मी म्हणाले, "जालन्यातलं आहे. भाड्याने मिळतंय."

"तुमी बघून राह्यले?"

"हो."

त्या बाजेवरून उठल्या आणि टीव्हीच्या अगदी जवळ गेल्या. मी पेन ड्राइव्ह लावायचं विसरून त्यांच्या पाठीकडे बघत राहिले. आता रडतील, नाहीतर नुसतं बरं म्हणून परसातल्या आपल्या शेळ्यांकडे निघून जातील. दुसऱ्याची मला जास्त भीती वाटत होती.

"वटा उच्चा हाय," त्या म्हणाल्या. "मपल्याला बसून सैपाक करायची सवय. बघू, जमन हळूहळू." मग पुढचा फोटो दाखव म्हणून हात केला. मी दाखवला. बाहेरची खोली. "शेळ्यांचं काय, शेळ्या तीर्थपुरीला बहिणीकडं टाकू. ती कवाची मागती." आणखी एक फोटो. एकच झोपायची खोली, एकच पलंग. त्यांनी तोही निरखून बघितला. खाली ठळक अक्षरांत एक ओळ होती. आत्याबाईंना वाचता येत नाही. त्यांनी ओळीवर बोट ठेवलं. "ह्ये काय लिवलंय?"

खोटं सांगता आलं असतं, पण तेवढं सुचलंही नाही. मी वाचलं, "फक्त लहान कुटुंबासाठी."

"मंग बराबर हाय," त्या म्हणाल्या. "आपुन तिघंच तर हाओत."

आम्ही दोघांनी त्या घरात कपाट कुठे ठेवायचं ते ठरवलं होतं. माझं टेबल खिडकीपाशी ठरवलं होतं. आत्याबाईंची बाज कुठे टाकायची, हे एकदाही बोललो नव्हतो. मला रडू आलं आणि ते लपवायला मी खाली वाकून पेन ड्राइव्ह शोधायला लागले.

प्रकरण मिळालं. ते पेन ड्राइव्हवर उतरत असतानाच नवऱ्याचा फोन आला. लागला का लॅपटॉप, म्हणून विचारत होता.

"लागला. हे घर नको, दुसरं बघू. एक खोली जास्तीची हवी."

"आईला कळलं?" त्याचा आवाज एकदम खाली गेला. "काय म्हणाली?"

मी त्या म्हणाल्या तेच शब्द त्याला सांगितले, "आपुन तिघंच तर हाओत." "मग तिची बाज मावेल असंच बघू," तो म्हणाला.