राखणदाराला वळसा

जोगेश्वरीच्या टेकडीवर चाळ बांधणाऱ्याने सगळीकडचा डोंगर फोडला, पण जयवंतच्या खोलीपाशी आला तेव्हा त्याचा हात थकला असावा. भिंतीलगत गुडघ्याएवढा खडक तसाच राहिला. जयवंतच्या आईने, जानकीने, त्याला शेंदूर फासून राखणदार करून टाकलं. गावचे देव कोकणात राहिले होते. तिला इथे कुणीतरी हवाच होता. पण खोलीची जमीन बारा महिने ओल धरायची.

त्या ओलीने बाळाला खोकला धरला आणि सून नलिनी त्याला घेऊन भांडुपला माहेरी गेली. आज तिचे वडील, दशरथ, दोघांना घेऊन येणार होते. निरोप मात्र कडक होता. जमीन कोरडी दिसली तर ठेवीन, नाहीतर पोरीला आणि नातवाला कायमचं घेऊन जाईन.

संपात गिरणी सुटल्यापासून जयवंत ऑफिसांच्या जमिनीवर लिनोलियम बसवायच्या कामाला जायचा. शेठने उरलेला एक तुकडा दिला होता, जेमतेम खोलीपुरता. सरळ भिंतीला कापण्यात त्याचा हात बसला होता. गोलाई कधी कापली नव्हती. ऑफिसांमध्ये कसले आलेत राखणदार!

"देवाक लोखंड लावूचा नाय हां," जानकीने बजावलं. "तो कटर लांब ठेव."

म्हणजे लिनोलियम दगडाला टेकवून जागच्या जागी कापायची सोय गेली. मग त्याने वर्तमानपत्र जमिनीवर पसरलं आणि खडकाच्या बुडाशी बोटांनी दाबत नेलं. शेंदराची रेघ कागदाच्या खालच्या बाजूला उमटली. झकास! रेघ दिसावी म्हणून त्याने कागद उलटा केला, फुलाफुलांच्या लिनोलियमवर ठेवला, भिंतीकडची कड जुळवली आणि श्वास रोखून कटर फिरवला.

बसवायला गेला, तर बसेचना. खडकाचं पोट उजवीकडे, आणि ह्याने कापलेली गोलाई डावीकडे फुगलेली! कागद उलटला तेव्हा डावं-उजवंही उलटलं, हे ह्या शहाण्याच्या ध्यानातच आलं नव्हतं. डावीकडे ओली जमीन उघडी, उजवीकडे लिनोलियम देवाच्या अंगावर चढलेलं. उलटं घालावं तर फुलं खाली आणि काळी पाठ वर.

"वाट लागली," त्याने कटर बाजूला टाकला. "आये, ते येतीलच गं आता."

जानकीने लिनोलियमची कड उचलून पाहिली. तिला राग आला होता, मुलाचा, सुनेचा, व्याह्याचा आणि कधी नव्हे तो देवाचाही. डावीकडची फट कापलेल्या तुकड्याने बुजवता आली असती. उजवीकडे पुन्हा कापताना चुकलं तर दुसरा तुकडा नव्हता; तिथे कुणीतरी मागे सरायला हवं होतं. ती तडक शेजारी गेली आणि छिन्नी-हातोडी मागून घेऊन आली. डोक्यावर पदर घेतला. हातोडी लेकाच्या हातात कोंबली आणि छिन्नी स्वतःच्या हाताने खडकाच्या पोटावर टेकवली.

"आये, अगं..."

"गप रव." ती देवाकडे वळली. "बा देवा म्हाराजा! आज तुका लोखंड लावतंय. काय चुकला-माकला तर माका शिक्षा कर, लेकराक नको. माझ्या नातवाक रांगूक जागा होयी, जरा सरक रे म्हाराजा!"

कोकणात देवापुढच्या गाऱ्हाण्याला कुणीतरी होकार द्यावा लागतो. जयवंतने तोंड उघडलं, पण त्याच्याआधी कुणीतरी बोललं.

"व्हय म्हाराजा!"

आवाज दारातून आला. नलिनी उभी होती, बाळ कडेवर. तिचे डोळे भरले होते. मागे दशरथ, हातात कपड्यांची पिशवी. त्यांनी उघडी पडलेली ओली जमीन पाहिली, मग देवाला छिन्नी लावून बसलेल्या विहीणबाईंना पाहिलं.

मग दशरथांनी पिशवी आत ठेवली, दाराबाहेर चपला काढल्या आणि गुडघे टेकून जानकीच्या शेजारी बसले.

"जावईबापू, हातोडी इकडे द्या," ते म्हणाले. "तुम्ही तेवढ्यात डावीकडची फट बुजवा."