खुर्चीमागची भिंत

पहिल्या भेटीत त्याने तिच्याकडे पाहिलंच नाही. तिने दार उघडलं, तर समोर एक इसम गुडघ्यांवर बसून चौकट मोजतोय! टेपचं एक टोक बिनदिक्कत तिच्या हातात देऊन म्हणतो कसा, "घट्ट धरा, हलू नका." ती जी धरून उभी राहिली, ती तिच्या मते आजतागायत. आला होता तो एका नाटकासाठी तिच्या वडिलांची आरामखुर्ची मागायला.

"खुर्चीत मी बसलोय, दिसत नाही?" बाबा गरजले.

खुर्ची मिळाली नाही, यथावकाश मुलगी मिळाली. पुढे म्हातारपणी बाबा लेकीकडे राहायला आले तेव्हा खुर्चीही आली.

नेपथ्यकाराशी संसार करायचा म्हणजे रंगमंचावर घर उभं राहावं म्हणून आपलं घर रिकामं करायचं. पडदे गेले, घड्याळ गेलं. एकदा पाहुणे जेवायला आले, तर टेबल दुसऱ्या अंकात!

बाबा वारले आणि खुर्चीमागच्या भिंतीवर त्यांच्या डोक्याच्या तेलाचा गोल डाग तेवढा राहिला. रंगकामाचा विषय निघाला की ती बजावायची, "त्या भिंतीला हात लावायचा नाही."

आणि नेमकं नाटक आलं ते वडील गेलेल्या घराचं. नेपथ्यकाराला तोच डाग हवा.

"अगं, रंगारी नुसता बघून जाईल."

"बघूनच जाईल ना?"

"तुझी शपथ!"

रंगाऱ्याने डाग कागदावर उतरवून घेतला आणि रंगमंचावर हुबेहूब काढला. इथवर ठीक होतं. पण माणूस पडला परोपकारी. साहेबांच्या घरात एवढी कळकट भिंत त्याला बघवेना. ती बाजारात गेली असताना तो डबा-ब्रश घेऊन आला आणि भिंत चकाचक करून गेला. तेही फुकट!

"अहो, तुम्ही घरातच होतात ना?"

"होतो की. खिडकीचं चित्र काढत होतो."

हातातली पिशवी तशीच घेऊन ती नाट्यगृहात गेली. डाग होता, पण भलत्याच उंचीवर.

"बाबा एवढे उंच नव्हते."

"नट उंच आहे गं."

"मग त्याला वाकून बसायला सांगा!"

त्याने निमूटपणे डाग खाली आणला.

"आणि नाटक संपलं की ही भिंत घरी आणायची. आधी मोजून घ्या."

"हे तू मला सांगतेस?"

नाटक चार प्रयोगांत बंद पडलं. टेम्पोतून भिंत घरापर्यंत आली. उभी घालून पाहिली, आडवी घातली, तिरकी घातली. जन्मभर लोकांच्या चौकटी मोजणाऱ्याने स्वतःचं दार तेवढं मोजलं नव्हतं.

"मधून कापू का?" त्याने घाम पुसत विचारलं.

"बाबांना?"

भिंत गोदामात परत गेली. पुढच्याच महिन्यात एका विनोदी नाटकासाठी तिला पोपटी रंग दिला.