डोहमामाचे पाय

डोहमामा माणसाच्या तोंडाकडे नंतर बघायचा, आधी पायांकडे. लग्नात सगळे नवऱ्या मुलाचा फेटा बघत असताना मामा माझ्या कानाशी लागायचा, "मोजडी चावतेय बिचाऱ्याला. पंगतीपर्यंत लंगडनार बघ." आणि पंगतीच्या वेळी नवरा खरोखर अनवाणी फिरताना दिसायचा. मामा म्हणजे माझ्या आईचा धाकटा भाऊ. त्याचं खरं नाव कागदोपत्रीच राहिलं. खालापूरकडे पाताळगंगेच्या काठी त्याचं घर, घरामागे डोह, आणि सगळा उन्हाळा गळ टाकून मामाचा मुक्काम त्या डोहावर. म्हणून गावानेच त्याला डोहमामा करून टाकलं.

आमच्याकडच्या बाकी ओढ्यांचा चैत्रात खडखडाट असतो. पाताळगंगेत मात्र वरच्या वीजघरातून पाणी सुटतं, त्यामुळे ती उन्हाळ्यातही वाहती राहते. पाणी सुटलं की घोट्याला लागणारी नदी बघता बघता गुडघ्यापर्यंत येते आणि मासे धरणाऱ्याला शेवाळलेल्या दगडांवरून झपाझप काठ गाठावा लागतो. म्हणून मामाचं ठाम मत होतं, की गळ कसलाही चालेल, पायात मात्र चांगलं काहीतरी पाहिजे. "खवल मासा काय, आज नाय तं उद्या गावंल," तो म्हणायचा, "पाय कोन देनार हाय दुसरा?"

खोपोलीच्या एका कारखान्यात त्याची सगळी नोकरी बंद बुटांत गेली होती. संध्याकाळी घरी आला की मोरीत बसून तो पाय धुवायचा, तेव्हा बोटांमधली कातडी पांढरी पडलेली असायची. "दिवसभर कोंडलेलं व्हतं," असं तो पायांबद्दल बोलायचा, घरातल्या लेकरांबद्दल बोलावं तसं. निवृत्त झाला त्या दिवशी त्याने बूट शेजाऱ्याला देऊन टाकले आणि पुन्हा बंद बूट घालणार नाही असं मामीला बजावलं. मामी म्हणाली, मला कशाला सांगताय, मी कधी घाला म्हटलं होतं?

कर्जतच्या बाजारात माझं चपलांचं छोटं दुकान आहे. दर चैत्रात मामा नदीसाठी सँडल घ्यायला यायचा, तोही दुपार कलल्यावरच. "सकाळचा पाय खोटा असतो गं बाय. दिवसभर चालून फुगला, की मंग त्याचं खरं माप." मागून पट्टा हवा, बोटांपुढे थोडी मोकळी जागा हवी. तळाला तो अंगठ्याचं नख दाबून बघायचा. नख रुतलं तर ते रबर दगड धरणार, नाही रुतलं तर घसरणार. एवढं झालं की माझी फरशी पुसायची बादली मागून घ्यायचा, सँडल त्यात बुडवून वर धरायचा आणि पाणी निथळेपर्यंत मोठ्याने आकडे म्हणायचा. पाचाच्या आत रिकामी झाली तरच ती पास. "पानी आत येनारच. नदी हाय ती. ते भायेर गेलं पायजे, बास." बायका तोंडाला पदर लावून हसायच्या. मला लाज वाटायची, हे आता कबूल करते. दुकानात डोंगर चढायला आलेली मुंबईची मुलं असली की जरा जास्तच वाटायची.

त्याच मुलांसाठी मी एकदा वॉटरप्रूफ बूट मागवले होते. सगळे गेले, आठ नंबरचा एक जोड तेवढा राहिला. दोन पावसाळे तो फळीवर पडून होता. रबर फळीवरसुद्धा म्हातारं होतं, हे या धंद्यात कुणालाही सांगावं लागत नाही. मी स्वतः नख दाबून बघितलं होतं, ते रुतलं नव्हतं. गिऱ्हाइकाला द्यायला मन धजेना आणि टाकून द्यायचंही जिवावर आलेलं. आणि मामाचा पाय आठ नंबरचा होता.

मामा आला तेव्हा मी तो जोड कापडाने चकचकीत पुसून त्याच्यापुढे ठेवला. "मामा, या वर्षी माझ्याकडून भेट." त्याने नेहमीप्रमाणे तळ दाबला. "कडक लागतोय गं."

"नवीन आहे, वापरून मऊ पडेल," मी म्हणाले. किती सहज म्हणाले!

तो बादलीकडे वळला. दुकानात तेव्हा तीन-चार पोरं होती. मी त्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हटलं, "अरे मामा, यात पाणी शिरणारच नाही, तर निथळवतोस काय?" पोरं हसली. मामाने बादली गुपचूप जागेवर ठेवली. "तू म्हंतेस तं ठीक. तुला जास्त कळतं, तुजा धंदा हाय," असं म्हणून त्याने जोड काखेत मारला. माझ्या शब्दाखातर त्याने बंद बुटांत पुन्हा पाय घातले. गावात तो प्रत्येकाला थांबवून सांगत होता म्हणे, भाचीनं दिलंत.

पंधरा दिवसांतच मामीचा फोन आला. पाणी सुटलं, मामा निघाला, पण पाणी बुटांच्या वरून आत शिरलं आणि तिथेच राहिलं. ते जड झालेले पाय त्याने शेवाळावर टाकले आणि तो आडवा झाला. मांडीचं हाड मोडलं होतं. मी दवाखान्यात पोचले तेव्हा त्याने पहिलं काय विचारावं? "बुटाला काय झालं नाय ना? मामीला सांग, उन्हात नको, सावलीत वाळव."

तेव्हाच मी बोलायला हवं होतं. आज नको, त्याला बरं वाटू दे, असं म्हणत राहिले. मग तो बरा झाला आणि बोलणं आणखीच अवघड होऊन बसलं.

हाड जुळलं. डॉक्टरांनी काठी घेऊन रोज चालायला सांगितलं. मामा खाटेवरून ओटीपर्यंत यायचा आणि परत फिरायचा. डोहाकडे तर मानही वळवायचा नाही. "बूट चांगलं व्हतं, भाचीच्या दुकानातलं. म्हंजे पायच गेलं माजं. आता त्यांच्यावर इस्वास नाय." मामी त्याच्यावर चिडायची, रडायची. आणि मी? मी त्याला नवी काठी नेऊन दिली आणि सुनावलं, "मामा, हट्ट सोड, जरा चालत जा." हे आठवलं की अजून स्वतःची घृणा वाटते.

दोन वर्षं अशी गेली. या चैत्रात डॉक्टर म्हणाले, पायातली ताकद गेली, आता फार आशा ठेवू नका. त्याच आठवड्यात मी मामाकडे गेले. तो ओटीवर टेकून बसला होता, मामी आत भाकऱ्या थापत होती. मी समोर बसून सगळं सांगितलं. जोड शिळा होता, नख मी आधीच दाबलं होतं, मला सगळं माहीत होतं.

मला वाटलं, मामा शिव्या देईल. नाहीतर "जाऊ दे गं" म्हणेल, आणि खरं सांगायचं तर तेवढ्याच आशेने मी गेले होते. त्याने लुंगी वर केली आणि वाळून गेलेल्या पोटरीवरून हात फिरवला.

"म्हंजे पाय चांगलं व्हतं माजं," तो म्हणाला. "मंग तवाच का नाय बोललीस गं बाय? मी चाललो असतो."